बैलानं खाल्लेला रोडगा

मले लिवता येत नाई. जे आहे ते तोंडात आहे, अन् या तोंडानंच माहा घात केला. गावात कोनाचं लगन असो का मयत, लोकं मले बलावत, कावून का मी हासवतो. एकडाव तं मेलेल्या बुढ्याची सून पदर तोंडात कोंबून अशी हासली का बाया म्हनल्या, बिचारी किती रडून राह्यली. तं असा मी. आता जे सांगतो त्यातही तुमाले हासू येइन. हासा. मी त्यात मूर्खच आहो. पन मले हे आठवलं का जीभ कडू होते.

मी गाडीवान. सोताची गाडी, सोताचे दोन बैल. एक पांढरा, उतरलेला, शांत, माह्या सासऱ्यावानी. दुसरा तांबडा, तरना, हावरट, माह्यावानी. भाड्यानं अमरावतीचा कापूस भरायचा अन् अकोल्याले नेऊन टाकायचा, कावून का तठूनच तो म्होरं मुंबईले जाय. एकट्या गाडीनं कोनी निंघत नसे. वीस-पंचवीस गाड्यायची रांग लागे, अन् म्होरं आमचा म्होरक्या. बुढा मानूस, डोक्याले लाल फडकं. त्याले सारे मामा म्हनत. कोनाचा सख्खा मामा होता ते कोनालेच ठाव नव्हतं.

निंघाच्या आंधी गावाबाहेरच्या मारुतीपुढं रोडगे व्हायचे. शनवारीच. हरेक गाडीवानानं मूठभर गव्हाचं पीठ आनायचं अन् डोये मिटून परातीत टाकायचं. कोनाची मूठ केवढी, ते पाहाचं नाई. साऱ्यायचं पीठ एका जागी मयायचं, गवऱ्यायच्या निखाऱ्यायचा एकच आर पाडायचा, अन् त्या एकाच आरात साऱ्यायचे गोये भाजायचे. संगं वांग्याची भाजी, वरन. मानशी एक रोडगा परसादाचा. तो तठीच पुरा खायचा, चुरा बी मांगं ठेवायचा नाई. तो खाल्ला का तुमी एका आराचे गडी झाले. मंग कोनाचा आख, म्हंजे चाकायचा कना, मोडो, बैल बसो, मानूस तापो, त्या खेपेत त्याले टाकून जायचं नाई; वापसीले नवे रोडगे. जो जाइन, त्याच्या गाडीचा आख मारुती मोडन.

बस, एवढंच. ना कागद, ना जामीन, ना शिपाई. अन् हे लोकं काई साधू नव्हते. घरी असले का वावराच्या धुऱ्या-बांधापाई एकमेकायची डोकशी फोडत. पन रांगेत आले का चारा उघडा पडलेला राहे, कोनी हात लावत नसे, अन् कोनी कोनाले शिवी बी देत नसे.

आमच्यात एक मानूस असा चिकट होता का तंबाखू मांगतला तं रिकामी चंची उलटी करून दाखवे, अन् भरलेली दुसरी चंची कमरेले राहे. एका खेपेले बडनेऱ्याच्या पुढं त्याचं चाक गेलं. दिवसभर सारी रांग उनात उभी. जाऊ द्या त्याले मसनात, असं म्हनाचं लय मन होतं, मलेच सगळ्यायहून जास्त होतं. पन म्हनलं कोनीच नाई. मारुतीचं भेव.

अन् मलेही तसंच भेटलं, खोटं कावून सांगू? एका साली रस्त्यात मले हिवताप भरला. मामानं मले आपल्या गाडीत कापसावर घातलं, लेकरावानी पानी पाजलं, अन् माहं धोतर बी धुतलं. ते धोतर कसं झालं होतं ते सांगत नाई, तुमी जेवून बसले असान. बरा झाल्यावर म्या म्हनलं, "मामा, तुमचे उपकार कसे फेडू?" तं म्हने, "मले कायले सांगतं? त्याले सांग." अन् मारुतीच्या दिशेनं बोट केलं. म्हंजे मी नसतो आराचा तं यानं धोतर धुतलं नसतं, हे तवाच समजाले पायजे होतं. पन तापातून उठलेल्या मानसाले भूक समजते, बाकी काई समजत नाई.

मंग कापसाले सोन्याचे दिवस आले. सात समुद्रापल्याड कोनाची तरी लढाई लागली, तठचा कापूस बंद झाला, अन् साहेबाले आमचा पायजे झाला. ज्यानं जनमात बैलाच्या शेपटीले हात लावला नाई तोही गाडीवान झाला. रांग वाढली. घोंगड्यावर बसनारे जाजमावर बसाले लागले. अन् मारुतीचंही बरं चाललं. हरेक खेपेले शेंदूर, हरेक खेपेले तेल. थर चढून चढून त्याचे नाक-डोये पार बुजून गेले. तरी सारे म्हनत का तो पाहून राह्यला.

या नव्या गाडीवानायत एक होता घुंगरूवाला. बैलायच्या गयात घुंगराच्या अशा मायी, का तो येऊन राह्यला हे कोसभर आंधी समजे. वयानं माह्याहून लहान, बोलाले चोख, अन् देवाधरमाचा पक्का. मारुतीपुढं सगळ्यायच्या आंधी तो आडवा पडे. मले तो भाऊ म्हने. मलेही तो आवडे, कावून का माह्या इनोदाले तोच सगळ्यात मोठ्यानं हासे.

आता माही अक्कल आयका.

त्या साली शिवरात्रीच्या आंधी माहा तांबडा बैल आजारी पडला होता. पाय सुजले, खानं सुटलं. माह्या बायकोनं मारुतीले बोलून टाकलं का तांबडा उठला तं माहा नवरा पोयाच्या सनापावतर शनवार धरन. बोलनारी ते, उपास माहा. म्या म्हनलं, "तू धर ना."

ते म्हने, "मी धरला तं दिवसभर रांधाचं कोन? तुमी तसेही कोन्त्या कामाचे आहा? उपाशी राहाले काई शिकावं लागत नाई."

तांबडा उठला. मी शनवार धरू लागलो. दिवस बुडेपावतर काई खायचं नाई. अन् रोडगे बी शनवारीच! मारुती एक, शनवार एक, अन् मी मंधात. रोडगा खाल्ला तं बैलाचा नवस मोडते, नाई खाल्ला तं आराचा नेम मोडते. म्या मामाले इचारलं. मामानं डोकं खाजवलं अन् म्हने, "बांधून ठेव फडक्यात. दिवस बुडाला का खाजो. देवाले समजते."

मीही खूश. रोडगा उपरन्याच्या टोकात बांधला, उपरनं गाडीच्या जूवर टाकलं, अन् भाजी वाढाले गेलो. वापस येतो तं काय? तांबड्यानं रोडगा खाल्ला होता अन् आता उपरनं खाऊन राह्यला होता. म्या इकडून वढलं, त्यानं तिकडून वढलं. आर्धं उपरनं माह्या हातात राह्यलं.

लोकं अशे हासले, अशे हासले! अन् लोकं हासले का माह्या आंगात येते. म्या मारुतीचा शेंदूर आनला, तांबड्याच्या कपायाले लावला, त्याच्यापुढं हात जोडून उभा राह्यलो अन् वरडलो, "आयका हो! आजपासून हा गाडीवान अन् मी बैल! यानं देवाचा रोडगा खाल्ला, हा तुमच्या आराचा. याचा आख मोडला तं थांबा!" अन् हंबरलो बी. घुंगरूवाल्याच्या डोयातून पानी आलं. मामाही हासला. कोनी म्हनलं नाई का याले दुसरा रोडगा द्या. दुसरा नव्हताच. मले वाटलं, मामा हासला म्हंजे देवही हासला असन.

निंघालो. बैल रवंथ करून राह्यला, मी उपाशी. रस्त्यात सामनेहून येनारे सांगत का लढाई सरली म्हनतेत, भाव उतरून राह्यला. कोनी म्हने खोटं आहे. पन हे आयकल्यावर कोनी बैल सावकाश हाकत नाई. मुक्काम कमी झाले, बोलनं कमी झालं. मी इनोद केला तं लोकं म्हनत, "हाक, हाक."

मूर्तिजापूर मांगं पडलं अन् आभाय भरून आलं. फागुन होता, पान्याचा काई संबंध नव्हता, पन आलं. कापसावर ताडपत्र्या नव्हत्या, घोंगड्या टाकल्या. अन् कायी माती ओली झाली का कशी होते, ते वऱ्हाडातल्या मानसाले सांगाचं काम नाई. चाकं नाई, मातीचे रांजन फिरून राह्यले. सामने एक नाला होता. पंधराएक गाड्या पार झाल्या. माही उतरली, अन् मंधात आल्यावर कडकन् आख मोडला. गाडी एका आंगावर झुकली. पांढरा कसाबसा उभा राह्यला, अन् तांबडा खाली गेला, त्याच्या मानेवर जू. नाकापावतर चिखल. नाकातून बुडबुडे येत होते.

म्या उडी घातली. जू दोन्ही हातानं धरलं, पन कापसाचा सारा भार त्याच्यावर. एका मानसाचं काम नव्हतं ते. दहा मानसं लागली असती.

मांगून घुंगरूवाला वरडला, "कोन आहे बे मंधात?"

"मी!"

"मी कोन?"

"बैल!" म्या म्हनलं. सवय, दुसरं काय? बैल मरून राह्यला अन् हा बयताड इनोद करून राह्यला.

मामा चिखल तुडवत आला. मांगचे लोकं आले, काठावरचे वापस आले. "लागलं का रे तुले, भाच्या?"

"मले नाई, मामा. तांबड्याची मान दबली. जू उचला अगुदर!"

दोघं-चौघं धोतर खोचून उतरलेही. तेवढ्यात घुंगरूवाला म्हने, "मामा, थांबा. यानं रोडगा कुठं खाल्ला?"

जे उतरले होते ते तठीच उभे राह्यले. पानी पडून राह्यलं. मामा माह्याकडं पाहे, मी मामाकडं.

"त्या दिशी खाल्ला नाई का तू?" मामानं इचारलं.

"मामा, तुमच्यासमोर तं झालं!"

"चुरा तरी तोंडात टाकला असन?"

"शनवार होता, मामा."

"चाटला तरी असन?"

"काय चाटू? बैलाचं तोंड?"

दोघं-चौघं हासले. मले वाटलं, हासले म्हंजे आता उचलतीन. हासनारा मानूस वाईट नसते असं मले तवापावतर वाटे.

घुंगरूवाला रागात नव्हता, हे सांगतलं पायजे. तो लय शांत बोलला. "भाऊ, तुह्याशी माहं वैर नाई. पन मामा, इचार करा. जो आराचा नाई त्याच्यापाई रांग थांबवली, तं उद्या रस्त्यावरचा कोनीही हात वर करन. मंग आराचा मानूस अन् बाहेरचा मानूस, फरक काय राह्यला? रोडगा कायले खायचा मंग?"

"खरं आहे," कोनीतरी म्हनलं. देवाचं नाव सारे घेत होते, पन डोये अकोल्याकडं होते.

मामाले मी दोष देत नाई. तो तयमयला. तो साऱ्यायले म्हने, "कोनापाशी परसाद उरला असन तं काढा. मी आता याच्या तोंडात टाकतो. झाला आराचा."

 त्या चिकट मानसाचा हात कमरेच्या चंचीकडं गेला, जरासा थांबला, अन् वापस आला. त्याच्यापाशी होता. मी आजही कोन्त्याही देवावर हात ठेवून सांगीन का त्याच्यापाशी होता. पन रोडगा मांगं ठेवला हे कबूल केलं तं त्याचा आख मोडला असता. तोही बिचारा मारुतीलेच भेला.

तांबड्याचे बुडबुडे कमी झाले होते. म्या बोंबललो, "अरे, मले मरू द्या, बैल तं काढा!"

मामाचे डोये एकदम चमकले. जसा बुडत्याले दोर भेटला. "हाव! बैल आराचा आहे! बैलानं खाल्ला! यानंच सांगतलं होतं, हा गाडीवान अन् मी बैल."

"कोन्ता बैल?" घुंगरूवाल्यानं इचारलं. "दोन आहेत."

"दोघायनं खाल्ला! आर्धा-आर्धा!" मी वरडलो.

"नाई, भाऊ. मी पाहत होतो. तांबड्यानंच खाल्ला."

अन् मंग सारे उतरले. काय सांगू तुमाले! बारा-पंधरा मानसं छातीपावतर चिखलात. घुंगरूवाल्यानं जूखाली आपला खांदा घातला, त्याचं कातडं सोलून गेलं. मामानं तांबड्याचं डोकं आपल्या मांडीवर घेतलं, त्याच्या नाकातला चिखल बोटानं काढला. जय बजरंगबली म्हनून साऱ्यायनं जोर केला अन् बैल बाहेर काढला. गुयाचं पानी पाजलं, आंगावर घोंगडी घातली. मी उभा राहून पाहत होतो. मले भरून आलं. म्या म्हनलं, आता माहा पांढरा, आता माही गाडी.

त्यायनं गाडी सरकवली बी. रस्त्यातून बाजूले. कावून का मांगच्या गाड्या निंघाच्या होत्या.

तांबड्याचा मांगचा पाय मोडला नव्हता, पन त्याले टेकता येत नव्हता. मामानं त्याले आपल्या गाडीमांगं बांधलं. तवा माह्या ध्यानात आलं.

"मामा, हे काय? त्याले राहू द्या अठी, माह्यापाशी. त्याले निजू द्या. त्याच्यानं चालवत नाई."

"आराच्या गड्याले मांगं टाकता येत नाई, भाच्या."

"अरे, पन माहा बैल आहे!"

"तुहाच आहे. अकोल्याले येऊन घेऊन जाजो."

"मंग मलेही बांधा मांगं! मी बैल आहो!" मी हंबरलो. या खेपेले कोनी हासलं नाई.

मामानं माह्या डोक्यावर हात ठेवला. "मारुती तुले पाहीन." अन् गाड्या निंघाल्या. एकेक गाडी माह्यापासून जाय, अन् हरेक गाडीवान आपल्या बैलाच्या शेपटीकडं पाहे. शेपटीवर त्या दिशी काय लिवलं होतं कोन जाने. एकानं जातानी भाकर ठेवली. हातात नाई देल्ली. नाल्याच्या काठावर धोंड्यावर ठेवली, जशी दहाव्याले कावळ्यासाठी ठेवतेत. तांबडा तीन पायावर चालून राह्यला होता, अन् मान वळवून वळवून मांगं पाहे. मंग वळन आलं.

मी कापसाखाली गाडीच्या आडोशाले बसलो. कापूस परक्याचा, सोडून जाता येत नव्हतं. एका बैलानं गाडी निंघत नव्हती. इचार करत बसलो, म्हंजे मूर्खाचा इचार. देव नसता तं हे लोकं कोनासाठीच थांबले नसते, हे मले समजे. अन् देव होता म्हनून रोडगा इचारू इचारू थांबले. तेच हात, तोच चिखल. बैलासाठी उतरले अन् मानसासाठी नाई, अन् कोनाचं मन खोटं नव्हतं, हेच वाईट. चोट्टे असते तं बरं झालं असतं. मी चोट्ट्यायले शिव्या देऊ शकतो.

दुसऱ्या दिशी जवयच्या वाडीतला एक म्हातारा आला, संगं त्याचे दोन भाऊ. त्यानं मोडका आख पाह्यला अन् इचारलं, "काय देशीन?"

मले बरं वाटलं. इतकं साधं इचारनारं कोनी भेटलं. म्या म्हनलं, "एक गठ्ठा कापूस घ्या." त्यानं दोन मांगतले, दीडवर तुटलं. त्यायनं बाभयीचा आख बसवला, पांढऱ्याच्या जोडीले आपला हेला, म्हंजे रेडा, देल्ला, अन् म्हातारा हेल्यासंगं अकोल्यापावतर चालत आला. रस्ताभर एका अक्षरानंही बोलला नाई. नाव नाई इचारलं, गाव नाई, देव नाई. तंबाखू मांगे, बस.

अकोल्याच्या बजारात मी शिरलो तं एका आंगाले पांढरा बैल अन् एका आंगाले काया हेला. हेला बसाले पाहे, बैल चालाले पाहे, अन् गाडी वाकडी-तिकडी. आख्खा बजार हासला. भिजलेल्या अन् दीड गठ्ठा कमी भरलेल्या कापसापाई सावकार माह्या नावानं बोंबलला. माहं ध्यान तिकडं नव्हतं. मी आमच्या रांगेच्या गाड्या पाहत होतो, अन् गाड्यायच्या मांगं तांबडं काई दिसते का ते पाहत होतो.

मामा हात जोडूनच आला. त्याच्या तोंडावरून समजलं.

"भाच्या, आमी त्याले सोडलं नाई. चालत नव्हता तं दोघं दोन आंगानं शेले घालून उचलत होतो. मुक्कामाले कोनी निजलं नाई, पाय शेकत राह्यलो. अकोल्याच्या नाक्यापावतर आनला. तठी बसला."

"त्याले निजू द्या म्हनलं होतं, मामा."

"कसं निजू द्याव? मांगं टाकता येत नाई ना."

घुंगरूवाला म्हने, "भाऊ, मयत चांगली केली. गुलाल टाकला, नवं फडकं पांघरलं. साऱ्यायनं खांदा देल्ला. या, दाखवतो."

त्यायनं मले मोर्ना नदीच्या काठावर नेलं. मातीचा ढीग होता, त्याच्यावर धोंडा, धोंड्याले शेंदूर. सारे लोकं पागोटे काढून उभे. काईचे डोये ओले होते, अन् खरे ओले होते. मानसाले बैलावानी नाल्यात सोडलं, अन् बैलाले मानसावानी पुरलं. मी तठी इनोद कराले गेलो. जमला नाई. म्या धोंड्याले लाथ मारली, अन् अंगठा फुटला. तेवढंच हासू आलं कोनाले तरी.

शनवार आला. वापसीच्या खेपेचे रोडगे नदीवरच्या मारुतीपुढं लागले. मामानं पहिला रोडगा माह्या हातात ठेवला अन् म्हने, "आता तरी खाय, बापा. तुहा नवस बी सरला, बैलच नाई तं."

सारे पाहून राह्यले. मले वाटलं, फेकावा नदीत. असंही वाटलं का मारुतीच्या तोंडावर मारावा. पन सामने तोच रस्ता होता, तोच नाला होता, अन् माह्यापाशी एक बुढा बैल. म्या खाल्ला. पुरा खाल्ला, चुराही चाटला. चांगला खरपूस भाजला होता, तेही सांगतो.

अन् मंग पाहा! लोकायचं प्रेम असं उतू गेलं का मले लाज वाटे. घुंगरूवाल्याची गाडी रिकामी होती. त्यानं ते मामाच्या गाडीमांगं बांधली, आपला एक बैल माह्या गाडीले जोडला, अन् दुसरा मोकया चालवला. तो चिकट मानूस, त्यानं मले सोताहून तंबाखू देल्ला. भरल्या चंचीतून.

पन पांढरा त्या नव्या बैलासंगं चालेना. तो जूतून सारखा बाहेर सरे, तांबड्याची जागा मोकयी ठेवे. दोघायच्या मंधात जू वाकडं होय. घुंगरूवाला खाली उतरला. म्हने, "भाऊ, तू बस. मी धरतो." अन् त्यानं जूले हात घातला, सोललेला खांदा लावला, अन् उनात, फुफाट्यात, पायी चालत राह्यला. मी वरतून पाहत बसलो. घाम त्याच्या पाठीवरून वाहत होता. खांद्यातून रगत आलं तरी त्यानं सोडलं नाई. मधी मधी तो मांगं पाहून इचारे, "भाऊ, पानी पायजे का?"

माह्या तोंडात त्याच्यासाठी एवढ्या शिव्या भरल्या होत्या का थुंकाले जागा नव्हती. नाल्यात बसून म्या त्या एकेक घासून ठेवल्या होत्या. पन तो आता माह्या आराचा होता, अन् आराच्या गड्याले शिवी द्यायची नाई, असा नेम आहे.

म्या म्हनलं, "दे, भाऊ. पानी दे."